साहेब, दोन बरे शब्द सांगाल का?

नवी ऑफर हातात आली. आईने देवापुढे साखर ठेवली, घरच्यांनी मनातल्या मनात गाडीचा रंग ठरवला, तुम्ही पेपर टाकून ९० दिवसांचा नोटीस पिरियड कसाबसा कंठलात. आता फक्त एक फॉर्म भरायचा राहिला. जन्मतारीख, पॅन, दहावीची मार्कशीट, कायमचा पत्ता इथपर्यंत हात सरसर चालतो आणि एका रकान्यापाशी अडतो: ‘आधीच्या कंपनीतील रिपोर्टिंग मॅनेजरचे नाव, हुद्दा, मोबाइल, ऑफिशियल ईमेल आयडी.’ खाली बारीक टाइपात: जीमेल, याहू चालणार नाही.

म्हणजे ज्या गृहस्थांमुळे तुम्ही ती कंपनी सोडलीत, त्यांनीच आता तुमच्या गुणांची ग्वाही द्यायची आहे. त्यातून ‘लोक कंपनी सोडत नाहीत, मॅनेजर सोडतात’ ही लिंक्डइनवरची पोस्ट तुम्ही मध्यंतरी लाइक केली होती. ती त्यांनीही पाहिली आहे.

घाबरू नका. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत रोज कोणी ना कोणी हे काम करतं, आणि त्यातले बरेचसे पुढे स्वतः मॅनेजर होतात. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. मधली पायरी गाळून जो पडेल, त्याला आम्ही जबाबदार नाही.

१. साहेब निवडा

आजवरच्या साहेबांची आणि मॅडमची यादी करा. एक, ज्यांनी दर अप्रेझलला ‘काम उत्तम आहे, पण बजेट नाही’ असं सांगून तुमच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरे, ज्यांच्याशी तुमचं कधीच वाजलं नाही, कारण ते डॅलसला बसायचे आणि कॉलवर कायम म्यूटवर असायचे. तिसरे, ज्यांना तुमच्याबद्दल खडान्‌खडा माहिती आहे. तिसऱ्यांचं नाव आत्ताच्या आत्ता खोडा.

नवशिक्यांची इथेच गफलत होते. त्यांना वाटतं, जो आपल्याला चांगलं ओळखतो तो आपल्याबद्दल चांगलं बोलेल. रेफरन्सला सर्वांत मोठा धोका असतो तो स्मरणशक्तीचा. ज्याला तुमचं आडनाव आठवतं, पण मार्चमधली ती रात्र आठवत नाही, जेव्हा तुम्ही टेस्टचा समजून प्रॉडक्शनचा डेटा उडवला होता, तो साहेब आदर्श. डॅलसवाल्यांना प्राधान्य द्या.

साहेब निवडलात की ऑफिशियल आयडीचा पेच समोर येतो. तुम्ही कंपनी सोडून दोन वर्षं झाली. तेवढ्यात साहेबांनीही सोडली. त्यांचा जुना आयडी बंद आहे, तिथे पाठवलेला मेल भिंतीवर आपटून परत येतो. त्यांचा खासगी जीमेल चालणार नाही, कारण तो कोणीही उघडू शकतो. त्यांचा नव्या कंपनीचा आयडी मात्र काही ठिकाणी चालतो. त्यातून एवढंच सिद्ध होतं की ते आता दुसरीकडे नोकरीला आहेत, पण आयडी ऑफिशियल आहे ना, मग झालं. आणि तोही चालला नाही, तर तुमच्या जुन्या साहेबांच्या खुर्चीवर सध्या जे कोणी बसले आहेत त्यांचं नाव द्या. त्यांनी तुम्हाला जन्मात पाहिलेलं नाही, पण त्यांचा आयडी चालू आहे. ज्यांनी तीन वर्षं रोज पाहिलं त्यांची साक्ष बाद, ज्यांनी कधीच पाहिलं नाही त्यांची ग्राह्य. निःपक्षपाती साक्षीदार म्हणतात तो हाच.

२. आपण यात नवखे नाही, हे आठवा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तुमच्या वर्गातले निम्मे लोक अमेरिकेला एम. एस.साठी अर्ज करत होते. त्यासाठी प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागायची. तुम्ही स्टाफरूमच्या दाराशी उभे राहिलात, आणि सर पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तुम्ही रात्रभर जागून स्वतःबद्दल लिहिलंत की हा विद्यार्थी माझ्या संपूर्ण कारकिर्दीतल्या पहिल्या पाच टक्क्यांत मोडतो. दुसऱ्या सरांसाठी वेगळं पत्र हवं म्हणून तिथे ‘पहिल्या दोन टक्क्यांत’ केलंत. शिक्का ऑफिसातून मारून आणलात.

पुढची गंमत तेव्हा तुमच्या लक्षात आली नसेल. अमेरिकेत १९७४ सालापासून एक कायदा आहे. त्यानुसार विद्यार्थ्याला, तो त्या विद्यापीठात दाखल झाल्यावर, आपल्याबद्दलची अशी पत्रं बघायचा हक्क मिळतो. तो हक्क अर्ज करतानाच सोडता येतो, आणि सोडलेला बरा असं सगळे सांगतात, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिलं गेलं असं समजतं. तुम्हीही त्या चौकोनात टिचकी मारली होती. स्वतः लिहिलेलं पत्र कधीही न वाचण्याची शपथ घेऊन तुम्ही विमानात बसलात, किंवा बसणार होतात. एवढं ज्याला जमलं, त्याला एक ईमेल जड जाऊ नये.

३. जमीन भिजवा

दोन वर्षं साधं ‘कसे आहात’ विचारलं नाही आणि आज एकदम मेल टाकला, तर साहेब ओळखतात. त्यांनाही कोणे एके काळी साहेब होते. म्हणून मेलच्या आधी किमान पंधरा दिवस तयारीला लागा.

पहिल्या आठवड्यात लिंक्डइनवर त्यांच्या पोस्टला अंगठा द्या. पोस्ट बहुधा ‘नेतृत्व म्हणजे ऐकणं’ अशा विषयावर असेल. तुमच्या डोळ्यांपुढे मीटिंगमध्ये तुमचं वाक्य मध्येच तोडणारा हात येईल. येऊ द्या, दुसऱ्या हाताने अंगठा द्या. दुसऱ्या आठवड्यात एक टिप्पणी लिहा, चार शब्दांची. त्याहून मोठी लिहिलीत तर खुशामत वाटते, लहान लिहिलीत तर यंत्राने लिहिल्यासारखी वाटते. सणासुदीचे दिवस असतील तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. दिवाळीच्या शुभेच्छांमागे हेतू कोणी शोधत नाही. श्रावणात मात्र जरा अडचण होते. नागपंचमीच्या शुभेच्छा साहेबांना पाठवू नका.

४. विषयाची ओळ

‘नमस्कार’ एवढाच विषय टाकू नका, उसने पैसे मागायला आल्यासारखं वाटतं. ‘अर्जंट’ लिहू नका. तुमच्यासाठी आता त्यांच्याकडे काहीही अर्जंट नाही. ‘रेफरन्सबाबत विनंती’ हे बरं. पुढे तुमचं नाव, प्रोजेक्ट आणि साल घाला, म्हणजे साहेबांना आठवायला आधार मिळेल. साल जरा मोघम राहू द्या. मार्च जवळ आणू नका.

५. मायना

आयटीतली मोठी क्रांती म्हणजे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणं. वीस वर्षांनी मोठ्या माणसालाही तुम्ही तीन वर्षं नुसतं नावाने बोलावत होतात आणि घरी आल्यावर आईला सांगताना ‘आमचे साहेब’ म्हणत होतात. रेफरन्स मागताना ही क्रांती थोडा वेळ गुंडाळून ठेवा. नावापुढे ‘सर’ लावा. त्यांना आश्चर्य वाटेल, पण आक्षेप घेतलेला आजवर कोणी ऐकलेला नाही.

६. आठवणी धुऊन वापरा

मेलचा पहिला परिच्छेद क्षेमकुशलाचा. दुसरा कृतज्ञतेचा, आणि सगळं कसब त्यातच. तुमच्याजवळ आठवणी आहेत. फक्त त्या आहेत तशा वापरता येत नाहीत. थोडा सराव करू.

रविवारी रात्री साडेअकराला फोन करून ‘छोटासा बदल आहे’ म्हणाले होते. लिहा: ‘आपण टीमसाठी केव्हाही उपलब्ध असायचात.’

तुम्ही महिनाभर खपून केलेलं प्रेझेंटेशन, पहिल्या स्लाइडवरचं तुमचं नाव काढून, क्लायंटपुढे स्वतः सादर केलं. लिहा: ‘क्लायंटसमोर आत्मविश्वासाने कसं उभं राहावं, हे आपल्याकडून शिकलो.’

लग्नाच्या रजेचा अर्ज मंजूर करताना ‘लॅपटॉप सोबत असू दे’ म्हणाले होते, आणि तुम्ही खरोखरच मांडवात, हळदीच्या हातांनी, पासवर्ड रीसेट केला होता. लिहा: ‘कामावरची निष्ठा काय असते ते आपल्या सहवासात कळलं.’

बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली ढकलायचंच होतं, तेव्हा ‘तू समजूतदार आहेस’ असं म्हणून तुम्हाला ढकललं. हे लिहू नका. एवढी चांगली धुलाई अजून कोणाला जमलेली नाही.

७. प्रत्यक्ष मागणी

नोकरीविषयक सल्ला देणारी मंडळी सांगतात की नुसता रेफरन्स मागू नका, ‘चांगला रेफरन्स देऊ शकाल का’ असं स्पष्ट विचारा. हे सांगणाऱ्यांना आपले साहेब भेटलेले नाहीत. आपल्याकडे मागणी जितक्या ‘तर’मध्ये गुंडाळाल तितकी सभ्य ठरते. वेळ असेल तर, जमणार असेल तर, नियमात बसत असेल तर, त्रास होणार नसेल तर. चारपर्यंत चालतात. पाचवा ‘तर’ आला की साहेबांना वाटतं, याला बहुतेक नकोच आहे.

पुढे नमुना दिला आहे. प्रत्यक्षात मेल इंग्रजीत जाईल, रीत तीच.

‘आदरणीय अमुक सर,

आपण व घरचे सर्व कुशल असाल अशी आशा आहे. हिंजवडीचा ट्रॅफिक अजून तसाच असेल.

मी २०१९ ते २०२२ या काळात आपल्या टीममध्ये टेस्टिंगला होतो. प्रिंटरशेजारच्या खुर्चीवर बसायचो. आपल्या मार्गदर्शनाखाली जे शिकायला मिळालं, ते आजही पदोपदी उपयोगी पडतं.

मला नुकतीच एका कंपनीची ऑफर आली आहे. त्यांना रेफरन्ससाठी आपलं नाव दिलं तर चालेल का? आपल्याला वेळ नसेल किंवा कंपनीच्या नियमात बसत नसेल तर अजिबात संकोच करू नका, मी समजू शकतो.

आपल्या सोयीसाठी माझ्या कामाचे थोडे मुद्दे जोडत आहे.

लोभ असावा.

आपला नम्र,’

आता नीट बघा. ट्रॅफिकचं वाक्य निरर्थक आहे, म्हणूनच ते काढू नका; अख्ख्या मेलमधलं तेवढं एकच वाक्य दोघांनाही मनापासून पटणार आहे. प्रिंटरशेजारची खुर्ची मुद्दाम घातली आहे, कारण साहेबांना तुमचा चेहरा नाही, पण प्रिंटर आठवतो. ‘मी समजू शकतो’ हे तुम्ही अजिबात समजू शकत नाही. ते लिहिताना तुम्हाला ऑफर मागे घेतल्याचं पत्र दिसत असतं. ‘थोडे मुद्दे’ म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत.

८. साहेबांची उत्तरं लिहून द्या

मुद्दे म्हणून जी फाइल जोडाल, तिच्यात साहेबांनी तुमच्याबद्दल काय बोलायचं ते त्यांच्याच तोंडच्या भाषेत लिहिलेलं असावं. स्टाफरूमच्या दाराशी मिळालेलं शिक्षण इथे कामी येतं. विशेषणं मात्र बेतानेच घाला. स्थळाची चौकशी करायला गेल्यावर शेजारी फारच स्तुती करू लागला, की मुलीकडच्यांना जशी शंका येते, तशी ती एचआरलाही येते. ‘सुधारणेस वाव’ या रकान्यात एखादा दोष हवाच. ‘कामात इतका गुंततो की जेवायचं भान राहत नाही’ हा दोष फार वापरून झिजला आहे. ‘नाही म्हणायला जड जातं’ हा अजून चालतो, शिवाय नव्या साहेबांना तो गुण म्हणून आवडतो.

शब्द निवडताना जर्मनीकडून शिकण्यासारखं आहे. पुण्यातल्या जर्मन कंपन्यांतून स्टुटगार्ट-म्युनिकला गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा अनुभव येतो. तिथे नोकरी सोडताना लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. न्यायालयं सांगतात, ते खरं असावं आणि माणसाच्या पुढच्या वाटेत काटे न पेरणारं असावं. खरं आणि गोड दोन्ही एकदम लिहायचं म्हटल्यावर तिथल्या एचआरने एक भाषाच तयार केली. ‘कामं आमच्या समाधानाप्रमाणे केली’ म्हणजे कशीबशी केली. ‘नेहमी आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे चांगली. पहिल्या नंबरसाठी ‘पूर्ण’ या शब्दाचंही ‘सर्वांत पूर्ण’ करतात; व्याकरणवाले कपाळाला हात लावतात, पण त्याशिवाय तिथे कोणी पत्र घेत नाही. ‘त्यांनी प्रयत्न केले’ याचा अर्थ काहीही जमलं नाही. आणि ‘मनमिळाऊ स्वभावामुळे वातावरण खेळीमेळीचं राहिलं’ असं दिसलं तर वाचणारा समजतो की गृहस्थ बाटलीवाले आहेत. प्रशस्तिपत्रात असा छुपा अर्थ घालू नये, असंही तिथला कायदा सांगतो. म्हणूनच तो इतका नीट घालावा लागतो.

इंग्रजांनी दुसरा मार्ग काढला. एका विमा क्षेत्रातल्या माणसाबद्दल त्याच्या जुन्या कंपनीने इतकं वाईट लिहून दिलं की त्याला पुढे कोणी उभं करेना. तो कोर्टात गेला, आणि १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की रेफरन्स लिहिणाऱ्याने योग्य ती काळजी घेऊनच लिहिलं पाहिजे. निष्काळजीपणा झाला तर भरपाईचा दावा होऊ शकतो. तिथल्या कित्येक कंपन्यांनी मग सगळ्यांत सुरक्षित काळजी घेतली. त्या काही लिहीतच नाहीत. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता, हुद्दा अमुक, खाली सही.

हेच धोरण बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पायांनी चालत आपल्याकडेही आलं आहे. म्हणजे बघा: नव्या कंपनीला साहेबांचं मत ऑफिशियल आयडीवरूनच हवं, आणि जुन्या कंपनीचा नियम असा की ऑफिशियल आयडीवरून मत द्यायचं नाही. दोन्ही कंपन्यांचे एचआर आपापल्या जागी बरोबर आहेत. मध्ये तुम्ही आहात.

९. आठवण करा, पण गोड

तीन दिवस गेले, उत्तर नाही. नव्या कंपनीचं एचआर रोज सकाळी दहाला ‘काही अपडेट?’ विचारतं. अशा वेळी ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवतात. पहिला जेंटल रिमाइंडर खरोखर जेंटल असतो. दुसऱ्यात जुना मेल खाली जोडतात, म्हणजे साहेबांना त्यांच्या दिरंगाईची तारीख दिसते. तिसरा पाठवू नका. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर ‘सर, मेल मिळाला का?’ एवढंच विचारा. निळ्या टिका दिसल्या म्हणून खूश होऊ नका. त्यांनी वाचलं आहे एवढंच कळलं. आता तुम्हाला वाईट वाटायला पुरावा मिळाला.

अजूनही काही नाही? मग जुन्या टीममधला जो अजून तिथेच आहे त्याला धरा. तो चहाच्या मशीनपाशी साहेबांना गाठून तुमचं नाव काढेल. ‘कोण?’ असं साहेब म्हणतील. ‘प्रिंटरजवळ बसायचा तो,’ असं तो सांगेल. बघा, खुर्ची कामाला आली.

उत्तर येईल तेव्हा बहुधा एका ओळीचं असेल: ‘शुअर, नंबर शेअर कर.’ कधी कधी ते अनपेक्षितपणे लांब येतं. जरूर देतो, तुझं काम नेहमीच आवडायचं, आणि हो, तुमच्या नव्या कंपनीत डिलिव्हरी हेडची जागा आहे असं कळलं, सीव्ही जोडला आहे, बघशील का. गडबडून जाऊ नका. त्यांचा सीव्ही उघडून वाचा. त्यात तुमचं ते प्रेझेंटेशन सापडेल.

१०. फोन

साहेबांना व्हेरिफिकेशन कंपनीचा फोन येतो तो ते गाडी चालवत असताना. त्या वेळी तुम्ही तिथे नसता, हे तुमचं नशीब. संभाषण साधारण असं होतं.

‘सर, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमधून बोलतेय. दोन मिनिटं आहेत?’

‘बोला, पण मी ड्राइव्ह करतोय.’

‘कँडिडेट तुम्हाला रिपोर्ट करायचे?’

‘हो.’

‘कधीपासून कधीपर्यंत?’

‘असतील... दोन-तीन वर्षं.’

‘तारखा माझ्याकडे आहेत. मी वाचते, तुम्ही फक्त हो म्हणा.’

‘हो.’

‘अजून वाचल्या नाहीत, सर.’

‘वाचा, वाचा.’

‘इंटिग्रिटीचा काही इश्यू?’

‘नाही हो.’

‘स्ट्रेंथ?’

‘सिन्सिअर होता. एकदम सिन्सिअर.’

‘सुधारणेस वाव?’

‘एक मिनिट, सिग्नल सुटला.’

‘निरंक लिहू?’

‘लिहा.’

‘संधी मिळाली तर पुन्हा घ्याल?’

‘कोणाला?’

‘कँडिडेटना, सर.’

‘हो, हो. घेऊ की.’

तुम्ही दोन रात्री जागून बनवलेली मुद्द्यांची फाइल त्यांनी उघडलेली नाही. मनाला लावून घेऊ नका.

११. सोपा पर्याय, आणि तो का टाळावा

इथपर्यंत आलेल्या वाचकाच्या मनात एक विचार डोकावलाच असेल. काही ‘कन्सल्टन्सी’ तीन-चार वर्षांचा अनुभव तयार करून विकतात: अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा आणि रेफरन्ससाठी एक फोन नंबर, सगळं एकत्र. त्या नंबरवर फोन केला की पहिल्या रिंगला उचलतात, तारखा पाठ असतात, स्तुती मुद्देसूद असते. खऱ्या साहेबांपेक्षा खोटे साहेब हे काम कितीतरी जास्त मन लावून करतात.

ही कला आजची नाही. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या काळात बटलर, खानसामे, आया आपल्या जुन्या साहेबांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांची चळत जपून ठेवायचे आणि नव्या मेमसाहेबापुढे सोडायचे. चिठ्ठ्या उसन्या मिळत, भाड्यानेही मिळत. आणि इंग्रजी वाचता न आल्यामुळे एखादा बिचारा ‘याच्यापासून चमचे सांभाळा’ अशा अर्थाची चिठ्ठीही अभिमानाने पुढे करी. तुमची अवस्था त्याच्याहून बरी, कारण साहेब काय बोलले ते तुम्हालाही कधी कळणार नाही.

पण सोप्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतातल्या आपल्या कर्मचाऱ्यांत अशी अनुभवपत्रं सापडल्याचं जाहीर केलं आणि संबंधितांना घरी पाठवलं. शिवाय पीएफ आहे. २०१४ पासून प्रत्येक खातेदाराला बारा आकडी यूएएन मिळतो. तो आकडा टाकला की कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, हे सगळं पडद्यावर येतं. मग साहेबांना विचारायची गरज काय, असा प्रश्न पडत असेल तर तो मनातच ठेवा. एचआरला असे प्रश्न विचारणाऱ्याच्या फॉर्मवर ‘टीममध्ये मिसळतो का’ या रकान्यापुढे काय लिहितात ते आम्हाला माहीत आहे.

१२. रिपोर्ट

आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो, तीन रंगांत. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गाशा गुंडाळा, आणि मधला पिवळा म्हणजे खुलासा करा. तुमचा साहेबांचा रकाना हिरवागार असेल. ‘सिन्सिअर’ हा शब्द तिथे नसेलच, कारण तिथे फक्त हो किंवा नाही लिहायची सोय आहे.

पिवळा दुसरीकडे लागेल. जुन्या कंपनीतला तुमचा कर्मचारी क्रमांक तुम्ही लिहिताना त्याच्या आधीचं शून्य गाळलं आहे. रिपोर्टमध्ये लिहिलं आहे: ‘तफावत आढळली.’ तुमचा प्रामाणिकपणा, तुमची निष्ठा, मांडवातला तो लॅपटॉप, सगळं त्या एका शून्यापाशी अडून राहिलं. जुन्या कंपनीच्या एचआरकडून दुरुस्तीचं पत्र आणा, म्हणजे विषय संपेल.

त्यासाठी माजी कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर जाऊन तिकीट काढा. तिकीट काढायला लॉग-इन लागतं. लॉग-इनचा पासवर्ड तुमच्या जुन्या ऑफिशियल आयडीवर येतो, आणि तो आयडी तुमच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता बंद झाला. ‘मदत हवी आहे?’ या निळ्या अक्षरांवर टिचकी मारा. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात लिहिलेलं असेल: कृपया आपल्या रिपोर्टिंग मॅनेजरशी संपर्क साधावा.